मुल्कोवालची बाटली

मुंबईत परळला हाफकिन संस्थेची जुनी, भक्कम वास्तू आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती येता-जाता पाहिली असेल. सर्पदंशावरच्या लशीमुळे आणि पोलिओच्या डोसांमुळे तिचे नाव घरोघरी पोहोचले आहे. परंतु या जागेचा पूर्वेतिहास फारसा कोणास ठाऊक नसतो. पोर्तुगीज अमदानीत येथे आपल्या धर्मबंधूंचा मठ होता. पुढे इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि कालांतराने तेथे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान झाले. गव्हर्नरसाहेब मलबार हिलवर राहावयास गेल्यावर, १८९९ साली, या रिकाम्या प्रासादात प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा थाटण्यात आली. जेथे एके काळी स्तोत्रे गाइली जात तेथे काचेच्या बाटल्यांतून प्लेगचे जंतू वाढू लागले, आणि ते मारून त्यांचीच लस होऊ लागली. याच वास्तूतून बाहेर पडलेल्या एका बाटलीची कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

प्लेग हा शब्द आज आपल्याला लांबचा वाटतो. आमच्या पिढीने तो आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला. ‘पिलेगच्या साली’ अमुक जन्मला, ‘पिलेगात’ तमक्याचे घर बसले, घरात उंदीर पडला की लोक माळावर झोपड्या बांधून राहत, अशा त्या आठवणी. वांद्रे, माहीम, गिरगाव या भागांतील जुन्या वाड्यांच्या तोंडाशी जे क्रूस आजही उभे दिसतात, त्यांतील कित्येक त्याच वर्षांत उभारलेले आहेत. संध्याकाळी त्यांच्यासमोर वस्ती जमे, रोझरी होई, संत सेबॅस्टियन व संत रॉक यांचा धावा होई. मुंबईत हा रोग प्रथम ओळखला तोही आपल्याच समाजातील एका डॉक्टराने. गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोगी तपासून हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. व्यापारी शहरात असे काही बोलणे सोपे नव्हते, आणि आरंभी त्यांच्यावर विश्वास ठेवावयास फारसे कोणी तयारही नव्हते. धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. शेजारून रोज हजारो माणसे जातात.

लोकांनी त्या काळी जे सोसले ते केवळ रोगाचे नव्हते. सरकारी बंदोबस्ताची दहशत रोगाहून कमी नव्हती. घरात शिरून झडती, स्त्रियांची तपासणी, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, सामानसुमान जाळणे, हे सारे चालू होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला. जे सरकार उंबरठ्याची मर्यादा राखत नाही, त्याच्या हातातील सुईवर कोण विश्वास ठेवणार? पुढील कथा वाचताना हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा अशी आमची विनंती आहे.

अशा वातावरणात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आला. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला हा यहुदी शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला होता आणि पटकीवरची लस घेऊन आधीच हिंदुस्थानभर फिरला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्याने ऑक्टोबर १८९६ पासून प्लेगच्या लशीचे काम आरंभिले. सुमारे तीन महिन्यांनी, १० जानेवारी १८९७ रोजी, त्याने ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि तीही पुढे सामान्य लोकांना देण्यात येणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट. ताप आला, दंड सुजला, आणि तो बरा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली, आणि टोचून घेतलेल्यांत रोग व मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी आढळले.

परंतु आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो पोर्तुगीजांच्या दमण येथील दाखला. १८९७ साली तेथे प्लेगने थैमान घातले होते. गावातील २,१९७ जणांनी लस टोचून घेतली. त्यांपैकी ३६ दगावले. ज्यांनी घेतली नाही अशा ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले. म्हणजे लस न घेतलेल्यांत जवळजवळ चार माणसांमागे एक, तर घेतलेल्यांत साठांमागे एक. हे आकडे चिकित्सकपणे वाचले पाहिजेत हे आम्ही जाणतो. जे पुढे येऊन टोचून घेतात ते बहुधा खाऊनपिऊन सुखी, स्वच्छ घरात राहणारे असतात. दोन्ही बाजूंची माणसे सर्वार्थाने सारखी नसतात. तरीही एवढी मोठी तफावत केवळ राहणीमानाने पडत नाही. लस काही अमृत नव्हती. ताप येई, एखाद-दोन दिवस हात उचलता येत नसे, मजुराची मजुरी बुडे आणि संरक्षण मिळे ते काही महिन्यांचेच. तिचे मोल या सर्व उणिवांसह करावयाचे होते.

आता पंजाबकडे वळू. मुंबईपासून सुरू झालेली साथ पाच-सहा वर्षांत उत्तरेस पसरली आणि पंजाबात तिने ठाण मांडले. देशभरात एका १९०२ सालीच प्लेगने पाच लाखांहून अधिक माणसे नेली. पंजाब सरकारने त्या हिवाळ्यात लस टोचण्याची प्रचंड मोहीम आखली आणि लक्षावधी मात्रांची मागणी परळच्या प्रयोगशाळेकडे आली. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होणे अशक्य होते. तेव्हा हाफकिनने जंतू वाढविण्याची जलद पद्धत स्वीकारली, आणि त्या पद्धतीत शेवटी घालावयाचे कार्बोलिक ॲसिड वगळले. लस उष्णतेने निर्जंतुक केलेली असे; पाश्चर संस्थेतही उष्णतेवरच भिस्त असे. हा बदल शास्त्राला सोडून नव्हता. मात्र त्यासाठी सरकारची रीतसर अनुज्ञा घेतलेली नव्हती, आणि कार्यालयीन कारभारात अशी गोष्ट विसरली जात नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी डॉ. एलियट लस टोचावयास गेले. हे गाव तेव्हाच्या पंजाब प्रांतातील गुजरात नावाच्या जिल्ह्यात होते. आज तो भाग पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या उघडण्यात आल्या आणि १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांतील एका बाटलीवर ‘५३-एन’ असा क्रमांक होता. त्या बाटलीतील लस एकोणीस जणांच्या वाट्यास आली. आठवडाभराने त्या एकोणीस जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात झाला होता. एकामागून एक असे ते सर्वच्या सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही.

ते एकोणीस जण लस नाकारणारे नव्हते. शेजारीपाजारी कुजबुजत असताना, सरकारविषयी मनात धाक असताना, विश्वास ठेवून बाही वर करणारी ती माणसे होती. धनुर्वाताचे मरण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगावयास नको. रोगी शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. अशी एकोणीस प्रेते एका लहानशा गावातून त्याच काही दिवसांत निघाली. त्यानंतर त्या पंचक्रोशीत लस घेण्यास लोक कचरले तर त्यांना अडाणी म्हणण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि पंजाबातील ती मोठी मोहीम बसली ती बसलीच.

चौकशीसाठी मंडळ नेमण्यात आले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे त्याचे अध्यक्ष, आणि सोबत दोन लष्करी डॉक्टर, बॉमफर्ड व सेंपल. प्रश्न एकच होता: धनुर्वाताचे जंतू बाटलीत केव्हा शिरले, परळला भरताना की मुल्कोवालला उघडताना? साक्षीत एक गोष्ट पुढे आली होती. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो केवळ कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले होते. खेड्यातील जमीन, गुराढोरांचा वावर, आणि धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. असे असूनही मंडळाने ठरविले की जंतू बाटली उघडण्यापूर्वीच आत होते, आणि कार्बोलिक ॲसिड वगळणे ही गंभीर चूक होती. हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. तो इंग्लंडला परतला. प्रयोगशाळेत जुनी पद्धत पुन्हा चालू झाली.

पुढे इंग्लंडमधील जंतुशास्त्रज्ञांनी हा निकाल तपासला तेव्हा त्यात अनेक छिद्रे आढळली. कार्बोलिक ॲसिड ज्या अल्प प्रमाणात घालीत, त्याने धनुर्वाताचे बीज मरतच नाही. ते घातले असते तरी काही फरक पडला नसता. शिवाय बाटली भरून कित्येक आठवडे लोटले होते. जंतू आरंभापासून आत वाढत असते तर बूच निघताच दुर्गंधी आली असती. तशी आल्याची साक्ष नव्हती. टोचल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत गेलेला काळही हेच सुचवीत होता की बाटलीत जंतूंची जुनी वाढ नव्हती. त्याच दिवशीची ताजी घाण तिच्यात गेली होती. हिवतापाच्या डासाचा शोध लावून नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, त्यावर त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रायफसच्या खटल्याशी केली गेली. निरपराध यहुदी सेनाधिकाऱ्यास देशद्रोही ठरविणारा तो खटला त्या काळी साऱ्या युरोपला माहीत होता. अखेर १९०७ च्या उत्तरार्धात हाफकिनवरील ठपका दूर झाला. घटना घडून पाच वर्षे लोटली होती.

या पाच वर्षांत प्लेग थांबला नव्हता. १९०४ साली देशात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. १९०७ हे वर्ष तर सर्वांत भीषण ठरले. त्या एका वर्षात हिंदुस्थानात तेरा लाखांच्या आसपास, आणि त्यांतील एकट्या पंजाबात सहा लाखांच्या घरात बळी गेले. मोहीम चालू राहिली असती तर यांतील किती वाचले असते याचा आकडा मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. तसा हिशेब कोणालाही प्रामाणिकपणे करता येणार नाही. परंतु दमणचे कोष्टक समोर असता तो आकडा एकोणीसच्या अनेक पट असणार याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

येथे आम्हास जो प्रश्न छळतो तो हा की एकोणीस मृत्यूंनी सरकार हलले, न्यायाधीश बसले, अहवाल छापले गेले. आणि लक्षावधी मृत्यू मात्र दरवर्षी खात्याच्या कोष्टकात मांडून पुढील पानाकडे जाता आले. असे का व्हावे? माणसाला हिशेब येत नाही, हे उत्तर आम्हाला पटत नाही. शेतकऱ्याला आणि कोळणीला हिशेब उत्तम येतो. खरी गोष्ट अशी दिसते की साथीच्या मरणाला आपण दैव म्हणतो, आणि सुईच्या मरणामागे कोणाचा तरी हात असतो. सुई घेणारा माणूस त्या सकाळी धडधाकट होता. सुई दुसऱ्याने दिली, बाटली तिसऱ्याने भरली, हुकूम चौथ्याने काढला. विचारावे असे कोणीतरी समोर आहे. प्लेगच्या पिसवेला साक्षीस कोण बोलावणार? आणि जो लस मिळाली नाही म्हणून मेला, त्याची आई ‘लस न मिळाल्याने गेला’ असे कधीच म्हणत नाही. ती म्हणते, ‘पिलेगाने गेला’.

हा भेद सर्वस्वी चुकीचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. हात असेल तेथे जबाबदारी असते, हे तर आपल्याला लहानपणी पापनिवेदनाची तयारी करतानाच शिकविले गेले. आणि वस्तू बनविणाऱ्यावर संशय घेणे प्रत्येक वेळी वेडेपणाचे नसते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. इस्पितळात जे घडले ते येथे आठवावे. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी द्रव्य होते, आणि त्यापायी चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाच्या मुळाशी जाऊन खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचा भ्रष्टाचार उघड केला. तेव्हा ‘इस्पितळात रोज कितीतरी माणसे मरतात, चौदांचे एवढे काय?’ असे कोणी म्हटले असते तर ते निर्लज्जपणाचे ठरले असते. चौदांची चौकशी झाली म्हणूनच पुढील चौदाशे वाचण्याची काही शक्यता निर्माण झाली.

मग मुल्कोवाल आणि जे. जे. यांत फरक कोणता? आमच्या मते तो चौकशीच्या रीतीत आहे. लेंटिन आयोगाचे काम उघड्यावर चालले. वर्तमानपत्रांतून मुंबईकर रोज साक्षी वाचत होते. मुल्कोवालचे कागद सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे पडून राहिले आणि फार उशिरा प्रसिद्ध झाले. इतका काळ पंजाबातील खेडुतांना कळले ते एवढेच, की लशीने माणसे मेली आणि लस करणारा साहेब निघून गेला. साहेब गेला याचा अर्थ त्यांनी काय लावला असेल? एक बाटली बिघडली होती, उरलेल्या चार निर्दोष होत्या आणि त्या चार बाटल्यांची माणसे जिवंत होती, ही गोष्ट गावोगाव दवंडी पिटून सांगण्यासारखी होती. ती सांगण्याऐवजी एका माणसाला दोषी ठरवून प्रकरण मिटविण्यात आले. दोषी माणूस सापडला की धोका किती मोठा होता हे मोजण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते.

अलीकडे, २०२१ साली, करोनाच्या साथीत असाच प्रसंग पुन्हा आला. जी लस पुण्यात तयार होऊन कोविशिल्ड या नावाने आपल्याकडे दिली गेली, तीच युरोपात घेतलेल्यांपैकी अगदी थोड्या जणांच्या रक्तात गाठी झाल्याचे आढळले, आणि त्यांतील काही दगावले. मार्च महिन्यात अनेक देशांनी ती थांबविली. बहुतेकांनी काही दिवसांत, वयाची अट घालून, पुन्हा सुरू केली. डेन्मार्कने मात्र ती कायमची सोडली. इंग्लंडने एप्रिलमध्ये तिशीच्या आतील लोकांना शक्यतो दुसरी लस देण्याचे ठरविले. त्यामागील विचार साधा आणि उघड होता. म्हाताऱ्या माणसाला करोनाचे भय फार मोठे होते आणि गाठींचे त्या मानाने फारच लहान. तरुणाच्या बाबतीत ती दोन्ही भये एकमेकांजवळ येत होती. म्हणून एकच लस आजोबांना द्यावी आणि नातवाला दुसरी शोधावी. त्या निर्णयावर मतभेद झाले, होणारच. पण तराजूची दोन्ही पारडी लोकांसमोर होती. मुल्कोवालच्या वेळी लोकांना एकच पारडे दिसले.

घरगुती व्यवहारातही आपण हेच करतो, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. नातवाला लस टोचावयास नेताना डॉक्टरांना दहा प्रश्न विचारणारे गृहस्थ दवाखान्याच्या पायरीवरच बिडी शिलगावताना आम्ही पाहिले आहेत. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. तरी लग्नाच्या वऱ्हाडात हेल्मेट घातलेला तरुण दिसला तर आपण त्याची थट्टाच करतो. प्रश्न विचारणारे ते गृहस्थ चुकत होते असे नाही. डॉक्टरांनी त्यांना नीट उत्तरे द्यावयास हवी होती, आणि तशी ती दिलीही.

हाफकिन निर्दोष ठरल्यावर हिंदुस्थानात परतला, पण परळला नव्हे. त्याची जागा दुसऱ्यास देण्यात आली होती. कलकत्त्यास त्याला एक प्रयोगशाळा मिळाली. माणसांवर नवी लस तपासून पाहण्याची संधी मात्र मिळाली नाही. १९१४ च्या सुमारास तो निवृत्त झाला आणि युरोपास गेला. परळची प्रयोगशाळा चालूच होती आणि त्याची लसही पुढे कित्येक वर्षे, सुधारत सुधारत, तेथे तयार होत राहिली. १९२५ साली त्या संस्थेला हाफकिनचे नाव देण्यात आले. तेव्हा तो हयात होता. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्याचे निधन झाले.